अश्वारोहण संघटनेची नोंदणी आणि चेंज रिपोर्ट : कोल्हापुरात अर्ज कुठे अडतात

घोडेस्वारी करणारी मंडळी एकत्र येतात, संघटनेचे नाव ठरते, लेटरहेड छापून होते आणि त्यानंतर नोंदणीचा विषय निघतो. ही नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते आणि ती दोन कायद्यांखाली करावी लागते : संस्था म्हणून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी हा दुसरा कायदा आला. त्याच्या नावात तेव्हा ‘मुंबई’ होते. जुन्या प्रमाणपत्रावर ते नाव दिसले म्हणून संस्थेची नोंदणी बाद झाली असे कोणी समजू नये. संस्था म्हणून पहिले प्रमाणपत्र हाती आल्यावर काम संपले असे मानणारे मात्र अडचणीत येतात, कारण न्यास म्हणून नोंदणीचा अर्ज स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो.

संस्थेसाठी किमान सात व्यक्ती लागतात. ज्ञापन (संस्थेचे नाव व उद्दिष्टे सांगणारा मूळ दस्त), नियमावली, स्थापना सभेचा ठराव, सातही जणांची संमतिपत्रे, ओळखपत्रे व प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे कोणताही जाणकार वकील तयार करून देतो.

नावाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी विशेष सावध राहावे. घोडा आणि शिवराय हे नाते आपल्या मनात इतके घट्ट आहे की संघटनेला महाराजांचेच नाव द्यावे असे सर्वांना वाटते. परंतु १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तसे नाव नोंदवता येत नाही. आदरापोटी दिलेल्या नावासाठी अर्ज परत आला की मंडळींना अपमान वाटतो. तो कोणी केलेला नसतो, पण हे आधी सांगणारा खिडकीवर कोणी नसतो, हेही खरे.

उद्दिष्टांच्या कलमात दोन चुका नेहमी दिसतात. ‘सभासदांच्या घोड्यांची निगा व सभासदांसाठी प्रशिक्षण’ एवढेच लिहिले तर तो खासगी क्लब ठरतो. न्यासाचे उद्दिष्ट सर्वसामान्य जनतेच्या उपयोगाचे असावे लागते. दुसरी चूक म्हणजे ‘पारंपरिक शर्यती भरविणे’ हे शब्द. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्तीने दिलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायम ठेवलेली सवलत बैलगाडा शर्यतीसाठी आहे, घोड्यांच्या टांगा शर्यतीसाठी नाही. तेव्हा ड्रेसाज, शो जंपिंग, टेंट पेगिंग अशी क्रीडाप्रकारांची नावेच स्पष्ट लिहावीत.

सर्वाधिक अर्ज अडतात ते जागेच्या पुराव्यावर. शहरातली संस्था घरपट्टीची पावती जोडते. आपला कारभार तबेल्यावरून चालतो आणि तबेला बहुधा करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या वडिलोपार्जित रानात असतो. सातबारा काढला की त्यावर आजोबांचे नाव, त्यांचा मृत्यू होऊन काळ लोटलेला, वारसनोंद अर्धीच झालेली, दोन आत्यांची नावे लागलेली आणि त्यांतली एक बेळगावला. घोडे सांभाळणारा नातू स्वतःच्या सहीचे ना-हरकत पत्र जोडतो. पण उताऱ्यावर त्याचे नावच नसते किंवा तो केवळ एक सहहिस्सेदार असतो. सर्व हिस्सेदारांची संमती मिळणे कठीण दिसत असेल, तर त्यासाठी थांबू नये आणि खोट्या सह्या तर मुळीच करू नयेत. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता तबेल्याचाच असला पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. एखाद्या सभासदाचे शहरातले घर, जे त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, ते कार्यालय म्हणून दाखवावे आणि त्याचे संमतिपत्र व ताजी घरपट्टी जोडावी.

धर्मादाय नोंदणी म्हणजे खेळातील मान्यता नव्हे, हे पालकांनीही लक्षात घ्यावे. मान्यतेची साखळी जिल्ह्याकडून राज्य संघटनेकडे, तिथून भारतीय अश्वारोहण महासंघाकडे आणि शेवटी १९२१ साली स्थापन झालेल्या, लोझान येथील आंतरराष्ट्रीय महासंघाकडे जाते. आपल्या महासंघात पूर्वापार क्लब, लष्करी संस्था आणि व्यक्ती यांचा भरणा राहिला. मतदानाचा हक्क त्यांना असावा की राज्य संघटनांना, हा वाद राजस्थानच्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात नेला. पुढे २०२५ साली क्रीडा महासंघांच्या कारभाराविषयीचा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. म्हणून संलग्नतेविषयीचे कलम लिहिताना मत कोण देणार, प्रतिनिधी कोण निवडणार आणि त्याची मुदत किती, हे आजच स्पष्ट करावे. शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि मान्यता नसलेल्या संघटनेने वाटलेले प्रमाणपत्र तिथे मुलाच्या उपयोगी पडत नाही. हा फटका मुलाला वयाच्या अशा टप्प्यावर बसतो की चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

संलग्नता मागताना अनुसूची एकचा उतारा, म्हणजे न्यासाची व विश्वस्तांची नोंद असलेल्या धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीची प्रत, पुढे ठेवावा लागतो आणि जुन्या संस्थांचे खरे दुखणे तिथे उघडे पडते. निवडणुका झालेल्या असतात, अध्यक्ष बदललेले असतात, पण उताऱ्यावर संस्थापकांचीच नावे असतात आणि त्यांतले काहीजण हयात नसतात. विश्वस्तांतील प्रत्येक बदल सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत कळवायचा असतो; हाच चेंज रिपोर्ट. हे ९० दिवस बदल झाल्या तारखेपासून मोजले जातात, म्हणजे निवड ज्या सर्वसाधारण सभेत झाली त्या दिवसापासून. नव्या सचिवाने दप्तर ताब्यात घेतल्यापासून किंवा पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यापासून नव्हे. या एका गैरसमजाने कितीतरी चेंज रिपोर्ट मुदतीबाहेर जातात. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज सबळ कारणासह जोडावा. याच अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर खर्च भरून मुदत वाढवून मिळू शकते.

मधले बदल वगळून थेट आजच्या कार्यकारिणीचा रिपोर्ट देऊ नये. आधीची निवड मंजूर नसेल तर त्या कार्यकारिणीने बोलावलेल्या सभेवरच हरकत येते, म्हणून प्रत्येक निवडणुकीचा रिपोर्ट क्रमाने द्यावा आणि प्रत्येकासोबत सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याची पोच, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, तसेच गेलेल्या विश्वस्ताचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडावा. यांतली पोच जवळपास कोणाकडेच नसते, कारण नोटीस फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली असते. नियमावलीत नोटिशीची जी पद्धत व जितके दिवस लिहिले आहेत, तेच तपासले जातात. तेव्हा पुढच्या सभेपासून नोटीस-वहीत सभासदाच्या नावापुढे तारखेसह सही घ्यावी आणि बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात.