ड जीवनसत्त्वाची अतिमात्रा, बालकांमधील

ड जीवनसत्त्व गरजेपेक्षा फार अधिक प्रमाणात पोटात गेल्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून जो विकार होतो, त्यास ड जीवनसत्त्वाची अतिमात्रा किंवा विषबाधा म्हणतात. हे जीवनसत्त्व मेदविद्राव्य असल्याने शरीरातील चरबीत साठून राहते आणि औषध थांबवल्यावरही त्याचे परिणाम कित्येक आठवडे, क्वचित काही महिने टिकतात. बाळाला कोवळे ऊन दाखवल्याने मात्र ही बाधा होत नाही, कारण त्वचेत तयार झालेले जादा पूर्वद्रव्य उन्हामुळेच निष्क्रिय पदार्थांत बदलते.

भारतात याचे मूळ बहुधा मात्रेच्या गोंधळात सापडते. अर्भकाला दररोज ४०० एकक (१० मायक्रोग्रॅम) पुरेसे असतात आणि पहिल्या सहा महिन्यांत १,००० एककांची दैनंदिन मर्यादा ओलांडू नये, असे मानतात. बाजारात थेंबांच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये ४०० किंवा ८०० एकक असतात. पण त्याच दुकानात ६०,००० एककांची पुडी आणि छोटी कुपीही मिळते, जी साधारणतः आठवड्यातून एकदा घेण्यासाठी असते. अशी एक कुपी म्हणजे अर्भकाची १५० दिवसांची मात्रा. ती थेंबांच्या जागी रोज पाजली गेली, तर थोड्याच दिवसांत लाखो एकक पोटात जातात. मूल उशिरा चालते किंवा दात उशिरा येतात म्हणून तपासणी न करता मोठ्या मात्रा पुन्हा पुन्हा देणे हेही तितकेच घातक होय.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. भूक मंदावणे, उलट्या, बद्धकोष्ठ, चिडचिड आणि वजन न वाढणे यांतील प्रत्येक तक्रार पोटाच्या साध्या बिघाडातही दिसते. उलट्यांनी सुकत चाललेले मूल एरवी लघवी कमी करते; इथे मात्र कॅल्शियममुळे मूत्रपिंडाची पाणी राखण्याची क्षमता घटते आणि मूल सुकत असतानाही भरपूर लघवी करते, सारखे पाणी मागते. ही विसंगती लक्षात येणे फार मोलाचे असते. पुढे सुस्ती, स्नायूंचा ढिलेपणा, रक्तदाबवाढ व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता उद्भवू शकते. अशा वेळी ‘टॉनिक कोणते देता?’ एवढे विचारून भागत नाही, कारण पालक अनेकदा जीवनसत्त्वाला औषध समजतच नाहीत. घरातल्या सर्व बाटल्या व पुड्या मागवून त्यांवरील मात्रा स्वतः वाचावी लागते.

निदानात रक्तातील कॅल्शियम वाढलेले, रक्तातील कॅल्शियम वाढवणारे पॅराथायरॉइड संप्रेरक दबलेले आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व (रक्तात मोजले जाणारे या जीवनसत्त्वाचे रूप) बहुधा १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आढळते. लघवीतील कॅल्शियमही वाढलेले असते. संप्रेरक दबलेले नसेल, तर कॅल्शियमवाढीचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

सर्व मुलांची सहनशक्ती सारखी नसते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बालकांच्या दूधपावडरीत व इतर अन्नांत हे जीवनसत्त्व सढळ हाताने मिसळले जात असताना काही बाळांनाच कॅल्शियमवाढ झाली आणि १९५७ मध्ये हे प्रमाण कमी करण्यात आले. ड जीवनसत्त्वाचे विघटन करणाऱ्या विकराच्या जनुकातील दोषामुळे काही अर्भकांना नेहमीची मात्राही सोसत नाही, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

उपचारात जीवनसत्त्व व कॅल्शियमची औषधे ताबडतोब बंद करून शिरेवाटे सलाइन देतात. गरजेनुसार स्टेरॉइड किंवा बिस्फॉस्फोनेट (हाडांतून कॅल्शियम रक्तात येणे रोखणारे औषध) वापरतात. रक्तातील कॅल्शियम पूर्ववत झाल्यावरही मूत्रपिंडात साचलेले क्षार मागे राहू शकतात, म्हणून नंतरही सोनोग्राफी करून पाहतात.