फिस्कल स्पॉन्सरशिप : सॉफ्टवेअर प्रकल्पांची पालक संस्था

स्वतःची कायदेशीर नोंदणी नसलेल्या बिगर-नफा सॉफ्टवेअर प्रकल्पाला एखाद्या नोंदणीकृत संस्थेने आपल्या छत्राखाली घेण्याची व्यवस्था. देणग्या संस्थेच्या खात्यात येतात, करार तिच्या नावाने होतात, हिशेब आणि लेखापरीक्षण तिच्याकडे असते; सॉफ्टवेअर कसे घडवायचे ते प्रकल्पाची मंडळी ठरवतात. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीसाठी १९९७ मध्ये निघालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही पालक संस्था जमेतून ५ टक्के शुल्क घेते. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि इंकस्केप (चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर) सांभाळणारी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी १० टक्के.

समजा, फोंड्यातल्या चौघांनी कोकणीसाठी देवनागरी-रोमी लिप्यंतराचे साधन करायला घेतले. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. पुढे पॅन, बँक खाते, करसवलतीची नोंदणी, दरसालचे लेखापरीक्षण. खर्च फक्त सर्व्हर आणि डोमेनचा असताना हा व्याप झेपत नाही. मग देणग्या एकाच्या यूपीआयवर येऊ लागतात आणि घोळ सुरू होतो: कागदोपत्री ते त्याचे वैयक्तिक उत्पन्न दिसते, आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो.

पालकत्वाचे मुख्य प्रकार दोन. एकात प्रकल्प संस्थेचाच उपक्रम बनतो. दुसऱ्यात तो वेगळा राहतो आणि संस्था जमा रक्कम त्याला अनुदान म्हणून पुढे देते. अमेरिकेत दोन्ही चालतात. भारतात विदेशी पैशापुरता दुसरा मार्ग बंद आहे, कारण विदेशी देणगी दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे वळवण्यास एफसीआरए या विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने पूर्ण मनाई केली. त्याच दुरुस्तीने अशा पैशातून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि पहिली जमा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच व्हावी असे ठरवले. विदेशी देणगी घेण्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नव्या गटासाठी म्हणूनच पहिला प्रकार, तोही एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेकडे, हाच खरा पर्याय.

गोव्यात हा मुद्दा विशेष नाजूक आहे. देणगी विदेशी की देशी हे चलनावरून ठरत नाही, देणाऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरते. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी नव्हेत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीयाने म्हापशातल्या खात्यातून रुपयांत दिलेले मात्र विदेशी ठरतात, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकाला मिळणारे ओळखपत्र) असले तरी. देणगीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना पहिल्या दिवसापासून हवाच. नंतर शोधत बसणे फार कठीण जाते.

देशी देणगीचे उदाहरण: १ लाख रुपये आले, १० टक्के शुल्क वजा जाता प्रकल्पाच्या खतावणीत ९०,००० उरतात. सर्व्हरचे बिल संस्थेच्या नावाने घ्यावे. सभासदाच्या कार्डवरून आधी भरून मग परतफेड मागितली की कागद जुळवताना लेखापरीक्षक अडतो. मानधन देताना लागू असेल तिथे टीडीएस कापावा लागतो. कंपनीचे नाव आभारापुरते छापणे निराळे आणि पैशाच्या मोबदल्यात तिची जाहिरात करणे निराळे. जाहिरातीवर जीएसटी लागतो.

करारात सर्वांत जास्त विचार बाहेर पडण्याच्या कलमावर व्हावा, आणि नेमके तेच घाईत लिहिले जाते. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अमेरिकी पालक संस्थेने २०२४ मध्ये काम गुंडाळले, तेव्हा तिच्याकडील शेकडो गटांना काही महिन्यांत नवे घर शोधावे लागले. सूचनेची मुदत किती, शिल्लक कोणत्या पात्र संस्थेकडे जाणार, ट्रेडमार्क कोणाचा, कोडचे हक्क लिहिणाऱ्यांकडेच राहणार का, हे आधी ठरवावे. डोमेन एका सभासदाच्या खासगी ईमेलवर नोंदलेले असेल, तर सही करण्यापूर्वी ते प्रकल्पाच्या सामाईक पत्त्यावर आणावे आणि त्याची किल्ली किमान दोघांकडे ठेवावी.