नाण्याचे वय आणि मातीतला मुक्काम

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर वाजतो आणि ढेकळातून जेमतेम 18 मिलिमीटर व्यासाची काळपट चकती निघते. पहिला अंदाज बहुतेकदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सहा पेनीचा. आकार साधारण जुळतो, आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडाही चांदीच्या आसपासचा असतो.

पण त्या आकड्याला वय कळत नाही. डिटेक्टरच्या वेटोळ्यात बदलता विद्युतप्रवाह खेळत असतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत भोवरा प्रवाह उठतात. त्यांचा संकेत किती मागे रेंगाळतो, यावरून यंत्र वाहकता आणि आकार यांचा मिळून एक ठोकताळा बांधते. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचा आकडा एकच येऊ शकतो, तो यामुळेच.

ओळख पटवायला आधी कड पाहावी. इंग्लंडची नाणी 1662 पासून कायमची यंत्रावर पडू लागली. त्यांचा गोलपणा नेटका असतो. आपली चकती मात्र वेडीवाकडी आहे आणि छाप एका बाजूला सरकलाय. म्हणजे हातोड्याने पाडलेले नाणे. मध्ययुगीन पेनी म्हणावी, तर ती पातळ पत्र्यासारखी असते आणि वजन दीड ग्रॅमच्या आत. हे चांगले जाड आहे, तीन ग्रॅमच्या वर भरते. मग बॅटरीचा उजेड तिरपा टाकायचा. (घासायचे अजिबात नाही! घासून चकचकीत केलेल्या नाण्यावरचा अर्धा पुरावा जातो.) एका बाजूला वल्ह्यांचे जहाज उमटते, दुसऱ्या बाजूला दोन ध्वजांमध्ये गरुड.

हा रोमन सेनानी मार्क अँटनीचा दिनार, म्हणजे रोमनांचे चांदीचे नाणे. इसवी सनपूर्व 32–31 मध्ये, रोमन गृहयुद्धातल्या अ‍ॅक्टियमच्या लढाईच्या तोंडावर, सैनिकांच्या पगारासाठी पाडलेला. रोमनांनी ब्रिटन जिंकायला घेतले इसवी सन 43 मध्ये. मग त्याआधी पंचाहत्तरेक वर्षे पाडलेले नाणे तिथे कोणी आणून टाकले?

बहुधा खूप नंतरच्या माणसाने. अँटनीची चांदी हिणकस होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. पुढे रोमन सम्राट नीरोने इसवी सन 64 मध्ये दिनारचे वजन आणि कस दोन्ही उतरवले, तेव्हा लोकांनी जुनी चोख नाणी दाबून ठेवली. नंतरचा सम्राट ट्राजान याने जुनी झिजकी नाणी वितळवली. अँटनीच्या दिनारांच्या वाटेला मात्र फारसे कोणी गेले नाही, कारण वितळवून हाती काय लागणार? ते हातोहात फिरत राहिले. मग सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने 195 च्या सुमारास दिनारातली चांदी जवळपास निम्म्यावर आणली. कालचे खोटे नाणे एका फटक्यात खरे ठरले आणि हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले. थोडक्यात, पाडल्यानंतर दोनशे वर्षांनीही ते कुणाच्या तरी कनवटीचे सुटले असेल. शेतात गुळगुळीत झिजलेले मिळाले, तर मला हीच शक्यता जास्त पटते.

कस मोजतानाही फसायला होते. क्ष-किरणांनी धातू तपासणारे हातातले यंत्र फक्त वरचा थर वाचते. जमिनीत मुरताना पृष्ठभागातले तांबे झिरपून जाते, त्यामुळे चांदी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. अचूक आकडा हवा तर कडेला केसाएवढे छिद्र पाडून आतला चुरा घ्यावा लागतो. कडेला हिरवा डाग दिसला तर वेगळाच संशय घ्यावा: आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा. रोमन काळातही बनावट नाणी भरपूर होती.

इंग्लंड-वेल्समध्ये अशा सुट्या नाण्यांची नोंद ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या योजनेत स्वेच्छेने होते. नेमकी जागा सांगणे त्यात सर्वांत मोलाचे, कारण नाणे कधी हरवले हे शेजारी काय सापडले यावरूनच ठरते.

आपल्याकडे असे कोडे नाण्यावरच छापलेले मिळाले. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा निघाला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे ठोकली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी, आणि तिच्या कडेने अजून वाचता येणारी जुनी ग्रीक अक्षरे.