सामूहिक परसबाग आणि प्रौढांचे आरोग्य

सामूहिक परसबाग म्हणजे शहरातल्या मोकळ्या जागेवर किंवा गच्चीवर अनेक घरांनी मिळून केलेली भाजीची लागवड. पाणी, अवजारे, खताचा खड्डा सगळ्यांचा. वाफा बहुधा ज्याचा त्याचा. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळे पिकवली आणि तिथून ही कल्पना शहरात पसरली.

पुरावा. अमेरिकेतील फ्लिंट शहरातली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरातले कोणी अशा बागेत जात असेल, तर दिवसातून किमान पाचदा भाज्या-फळे खाण्याची शक्यता साडेतीन पट आढळली. मात्र बागेत येणारा माणूस मुळातच भाजीची आवड असलेला असू शकतो, आणि पाहणीतून हा गुंता सुटत नाही. तो सोडवायला संशोधक जिल लिट यांच्या गटाने अमेरिकेतल्याच डेन्व्हर परिसरात सोडत काढली. बागेच्या प्रतीक्षायादीतल्या २९१ प्रौढांपैकी १४५ जणांना वाफा, बी, रोपे आणि प्राथमिक शिक्षण लगेच मिळाले. उरलेल्यांना वर्षभर थांबायचे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाफा मिळालेल्यांच्या आहारात थांबलेल्यांपेक्षा रोज सुमारे १.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ जास्त गेले, मध्यम ते जोरकस हालचाल आठवड्याला ४० मिनिटांच्या आसपास वाढली, ताण आणि चिंता अधिक घटली. आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल हवी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा बागेमुळे भरून निघाला, ही मोठीच गोष्ट आहे. वजन आणि कमरेच्या घेरात मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणून वजन उतरवण्याचे आमिष दाखवून कोणाला बागेत आणू नये.

वाफा. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला नाही, तर माणूस वाफ्यात पाय ठेवतो आणि माती दबते. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी दोन-अडीच फूट उंच वाफा बांधावा. चाकाच्या खुर्चीला तीन फुटांची वाट लागते. सुरुवातीला लोक सगळी मेथी एकाच दिवशी पेरतात. महिन्याभरात ती एकदम काढणीला येते, वाटूनही उरते, आणि वाफा रिकामा पडला की येणेही थांबते. आरोग्याचा लाभ नियमित येण्यात आहे. त्यामुळे वाफ्याचा चौथा भाग दर दहा दिवसांनी पेरावा आणि कडेने गवार, चवळी लावावी. शेंगा सुरू झाल्या की कित्येक आठवडे तोडणी चालते.

गच्चीवर प्रश्न वजनाचा. आठ इंच ओल्या मातीचा एक चौरस मीटर साडेतीनशे किलोच्या घरात जातो, तर माणसांचा वावर असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वापरभारासाठी, म्हणजे माणसे आणि सामानाच्या वजनासाठी, आखलेली असते. त्यामुळे तिथे कुजवलेल्या पालापाचोळ्याची हलकी भर घालतात, आणि आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवतात.

धोके. जुन्या रंगाच्या भिंतीलगत किंवा भंगाराच्या जागेवर मातीत शिसे असू शकते. ते मुळांतून फळात फारसे चढत नाही. पानांना आणि हातांना लागलेल्या मातीतून पोटात जाते. तपासणी करून घ्यावी. शिसे जास्त निघाले तर बाहेरची माती आणून उंच वाफे करावेत, पालेभाज्या आणि मुळा-गाजर तिथल्या मूळ मातीत घेऊ नयेत. कच्चे शेण घातले असेल तर अमेरिकेचा सेंद्रिय शेतीचा नियम मातीला टेकणाऱ्या पिकासाठी काढणीपूर्वी १२० दिवसांचे अंतर सांगतो. आपल्याकडे कोथिंबीर कच्चीच खातात, म्हणून तिला पूर्ण कुजलेले खतच द्यावे. शेण-गोमूत्राचे पाणी वरून शिंपडू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पाण्याच्या पिंपावर घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासावे. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.