सलाहुद्दीनची मोहीम (एज ऑफ एम्पायर्स २)

'एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज' (१९९९) या संगणकीय युद्धखेळातील सहा प्रसंगांची कथामोहीम. खेळ एन्सेंबल स्टुडिओजने तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. मूळ आवृत्तीतील कथानायकांमध्ये सलाहुद्दीन हा एकमेव मुस्लिम सेनानी होता.

तिक्रीत येथे ११३७ च्या सुमारास कुर्द घराण्यात जन्मलेला सलाहुद्दीन चुलता शिर्कूह याच्याबरोबर इजिप्तला गेला, ११६९ मध्ये तिथला वजीर झाला आणि ११७१ मध्ये त्याने तिथे राज्य करणारी फातिमी खिलाफत संपुष्टात आणली. मोहिमेची सुरुवातही इजिप्तमध्येच होते. निवेदक मात्र विरुद्ध, म्हणजे क्रूसेडरांच्या (धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्ती सैनिकांच्या) गोटातला आहे. वाळवंटात पकडला गेलेला हा युरोपीय सरदार सलाहुद्दीनच्या छावणीत राहतो आणि आपल्याच लोकांविषयी त्याचे मत हळूहळू पालटते. सलाहुद्दीनची थोरवी शत्रूच्या तोंडून वदवण्याची ही युक्ती चांगलीच साधली आहे. त्यासाठी त्याला जरा जास्तच सोज्वळ केले आहे, एवढेच.

हत्तीनच्या लढाईचा प्रसंग मोहिमेच्या मध्यावर येतो. ४ जुलै ११८७ रोजी क्रूसेडर सैन्याचा पराभव झाला तो तलवारीइतकाच तहानेमुळे. भर उन्हाळ्यात ते पाणवठा सोडून निघाले, सलाहुद्दीनच्या माणसांनी वाळके गवत पेटवून दिले आणि तिबेरियसचे सरोवर जवळ असूनही त्यांना तिथपर्यंत पोहोचता आले नाही. लढाईनंतर सलाहुद्दीनने जेरुसलेमचा बंदिवान राजा गी याला थंड पाणी दिले. राजाने पेला क्रूसेडर सरदार रेनॉल्ड द शातियाँकडे सरकवताच 'हे पाणी मी त्याला दिलेले नाही' असे सलाहुद्दीनने बजावले. पाहुणचार झाला की जीव घेता येत नसे, आणि काफिले लुटणाऱ्या रेनॉल्डला जिवंत सोडण्याची सलाहुद्दीनची इच्छा नव्हती. खेळातल्या सैनिकांना तहानच लागत नाही. अन्न खर्च होते ते शिपाई घडवताना, नंतर तो कितीही काळ उन्हात उभा राहिला तरी चालतो. त्यामुळे हत्तीन इथे साधी चकमक होऊन बसते.

जेरुसलेमचेही तसेच. २ ऑक्टोबर ११८७ रोजी शहर वाटाघाटींनी ताब्यात आले. खंडणी पुरुषामागे दहा दिनार, स्त्रीमागे पाच अशी ठरली. खेळात तटबंदीशी झुंजावे लागते. शेवटच्या प्रसंगात खेळाडूला एकर हे शहर वाचवता येते; प्रत्यक्षात ते जुलै ११९१ मध्ये क्रूसेडरांनी घेतले.

सारासेन (खेळातील अरब मुस्लिम) पक्षाचा खास सैनिक म्हणजे उंटावर बसून वाकड्या तलवारी फेकणारा ममलूक. खरे ममलूक हे विकत घेऊन लहानपणापासून युद्धासाठी तयार केलेले, बहुधा तुर्क, घोडेस्वार होते. भाला आणि धनुष्य ही त्यांची मुख्य हत्यारे. तलवार फेकून देणारा घोडेस्वार कुठल्याही फौजेला परवडला नसता. पण उंट घोडदळाला भारी पडतो हे खेळाचे गणित जमावे म्हणून त्यांना उंटावर बसवले असावे.

पुढच्या विस्तारांत इतर सेनानी आले. स्पॅनिश योद्धा एल सिदच्या मोहिमेत (२०००) उत्तर आफ्रिकेतील अल्मोराविद घराण्याचा अमीर यूसुफ बिन ताश्फीन शत्रू म्हणून येतो. २०१५ मध्ये, ७११ साली स्पेनवर चालून गेलेल्या तारिक बिन झियादची, तर २०१९ मध्ये तैमूरची मोहीम आली. तैमूरच्या मोहिमेत दिल्लीची स्वारी आणि अंकाराची लढाईही आहे. बाबराची मोहीम २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारातली. त्याच वेळी 'इंडियन्स' या एकाच सरसकट पक्षाऐवजी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार पक्ष करण्यात आले.