घट्ट वेण्यांनी केस वाढतात म्हणे!
अमेरिकेतल्या ब्लॅक मुलांमध्ये एक समज कधीपासून फिरतोय, कॉर्नरोज, म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, जितक्या घट्ट तितके केस भराभर वाढतात. अजिबात नाही हो. केस वाढतो मुळातून, महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर, ओढून त्याचा स्पीड वाढत नाही, उलट कपाळाच्या कडेला न् कानशिलांवर बारीक पुटकुळ्या येतात, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात नवीन वेण्या आहेत, दुखणारच! असं ओढून ओढून तिथले केस गळायला लागतात, त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. १९०७ मध्ये तो नोंदला गेला ग्रीनलंडच्या बायकांमध्ये, म्हणजे केसांच्या जातीचा दोष वगैरे काही नाही. ड्युरॅगला, म्हणजे केसांवर बांधायच्या फडक्याला, तर उगाच शिव्या बसतात, फार आवळून बांधला नाही तर काही बिघडत नाही. वेण्या वेळेत सैल केल्या तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलात तर मुळंच मरतात, मग तिथे कुठलंही तेल चोळा.