मैदान शहरात, शेवटची एसटी सव्वासहाला

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मैदानाचं काम एकदाचं पूर्ण झालं. आधी पावसाळाभर तिथे नुसता चिखल आणि मार्च-एप्रिलमध्ये ढोपरं सोलवटणारी जमीन, आता खाली पाणी जायला पाईप टाकलेत, माती बदलून हिरवळ लावलीय, चार कोपऱ्यांत लाईटचे टॉवर उभे राहिलेत आणि मुलींसाठी कपडे बदलायला खोली नि संडास झालाय, ज्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं कारण मी शाळेत कबड्डी खेळायचे तेव्हा यातलं काहीच नव्हतं. उद्घाटनाला जो तो म्हणत होता, फायदा सगळ्या तालुक्याला होणार.

होणार की नाही हे मोजता येतं. आणि मोजायलाच हवं, कारण आपल्याकडे मैदान जरी शहरात असलं तरी माणसं गावात आहेत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात शहरात राहणारे जेमतेम साडेबारा टक्के होते, रत्नागिरी जिल्ह्यात सोळाच्या आसपास. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास पोरं वाड्यांवरची.

उत्तर आयर्लंडमध्ये यासाठी कायदाच आहे. २०१६ साली केला, २०१७ च्या जूनपासून तिथल्या सरकारी खात्यांना आणि कौन्सिलांना लागू झाला. कुठलंही धोरण, योजना किंवा लोकांसाठीची सेवा ठरवताना किंवा बदलताना गावातल्या लोकांच्या गरजांचा नीट विचार करायचा आणि तो केला हे दाखवून द्यायचं, त्यासाठी त्यांचा एक ठरलेला फॉर्म असतो. काम शहरातलं असलं तरी प्रश्न सुटत नाही, शहरातल्या खेळाच्या मैदानाबद्दलही विचारता येतंच की याचा गावावर काय परिणाम. तिकडे साधारण पाच हजारांच्या आतल्या वस्तीला गाव धरतात. आपल्या जनगणनेतही शहर ठरवायला पाच हजारांची अट आहे (बाकी घनता आणि शेतीबाहेरच्या कामाच्या अटी वेगळ्या), म्हणजे आकडा सारखाच, पण आपल्याकडे मैदान नगरपरिषदेचं, गावं जिल्हा परिषदेच्या हद्दीत आणि एसटी महामंडळाची, त्यामुळे तिघांना एकत्र बसवून हा प्रश्न विचारायचं काम कोणाचंच नाही.

मोजायला बसलं की पहिली चूक नकाशावर होते. मैदानावर टोक ठेवून दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली गावं मोजायची, झालं. कोकणात हे वर्तुळ काही कामाचं नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी, फेरीबोट असेल तर चहा पिऊन होईपर्यंत पलीकडे, आणि नसेल तर चिपळूणकडून वळसा मारावा लागतो ज्यात तासच्या तास जातात. गाव तेच, मैदान तेच, पण अंतर घड्याळाप्रमाणे बदलतं. म्हणून अभ्यासक हल्ली वर्तुळ काढत नाहीत, अर्ध्या तासात कुठून पोचता येतं, तासात कुठून, अशा वेळेच्या रेषा काढतात. आपल्याकडे त्या काढल्या तर गोल येणारच नाहीत, डांबरी रस्त्याच्या कडेने लांब बोटं आल्यासारख्या येतील आणि खाडीपाशी तुटतील.

पण त्यातही एक गोष्ट राहते ती म्हणजे परत कसं जायचं.

स्वीडनमध्ये टॉर्स्टन हेगरस्ट्रँड नावाचा भूगोलतज्ज्ञ होता, त्याने १९७० मध्ये मांडलं की माणूस नकाशावर नुसता जागेत नसतो, तो जागेत आणि वेळेत एकदम असतो. आपल्या हालचालीवर तीन बंधनं असतात असं तो म्हणायचा: एक शरीराचं आणि साधनाचं (झोप, जेवण, सायकल आहे की पायी), दुसरं जुळणीचं म्हणजे इतर माणसं, गाडी, शिकवणारे सर हे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेटले पाहिजेत, आणि तिसरं अधिकाराचं, गेटला कुलूप आहे का आणि चावी कोणाकडे. ही तिन्ही बंधनं एकावर एक ठेवली की दिवसातला जो तुकडा उरतो तेवढंच त्या माणसाचं खरं जग. मला हे वाचलं तेव्हा एकदम एसटी स्टँड आठवला.

म्हणून मागच्या डिसेंबरात मी वही घेऊन स्टँडवर बसले. चौकशीच्या खिडकीवरच्या बोर्डावर खडूने लिहिलेलं, आमच्या बाजूची शेवटची गाडी सव्वासहा, तीच गावात वस्तीला राहते आणि सकाळी दूधवाले, शाळेची पोरं, तालुक्याला कामावर येणारे सगळ्यांना घेऊन परत येते. सहा वाजून नऊ मिनिटांनी पाच मुली पळत आल्या, पाठीला दप्तर, एकीच्या हातात बूट आणि पायात चपला, कारण बूट काढायला मैदानावर थांबलं तर गाडी चुकते म्हणून ती धावता धावता बदलते आणि लेस गाडीत बसून आवरते. कंडक्टरने बेल द्यायच्या आधी मागे वळून त्या मोजल्या, पाच आहेत ना, मग डबल बेल. त्यांना रोज मोजायची त्याला सवय झालीय असं दिसलं.

आता साधं गणित करू. शाळा पाचला सुटते, सव्वापाचला मैदान. हिवाळ्यात साडेसहाला दिसेनासं होतं. लाईट नव्हते तेव्हा शहरातल्या मुलीला सव्वा तास मिळायचा आणि गाडीसाठी सहाला निघणाऱ्या मुलीला पाऊण तास, फरक अर्ध्या तासाचा. आता लाईट साडेआठपर्यंत चालू असतात. शहरातल्या मुलीला सव्वातीन तास मिळू शकतात, गावातलीला तोच पाऊण तास. फरक अडीच तासांचा झाला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर आधी साडेबारा तास मागे पडायची, आता साडेबासष्ट. तिचं कोणी काही काढून घेतलं नाही, तिची हिरवळ पण चांगली झाली, पण तालुक्याच्या टीमची निवड होते तेव्हा ती एकटी उभी नसते, त्या दुसऱ्या मुलीच्या शेजारी उभी असते.

आणि हे मैदानावर सर्व्हे करून कधीच कळणार नाही. मैदानावर आलेल्यांना विचारलं तर सगळे खूशच असतात, जे येऊ शकले नाहीत ते तिथे उत्तर द्यायला नसतातच ना. मासळी बाजारात उभं राहून शाकाहारी किती ते मोजण्यासारखं आहे ते. विचारायचं तर वस्तीच्या गाडीत, वाडीवर, शाळेत जाऊन विचारायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मैदान समजा शंभर बाय ऐंशी मीटर, म्हणजे आठ हजार चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ जिवंत ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तरी चाळीस हजार लिटर रोजचे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत, त्या हिशोबाने हे सातशेपेक्षा जास्त माणसांचं पाणी झालं, एका बऱ्यापैकी गावाचं. शहराचं पाणी बहुतेक वेळा वरच्या कुठल्यातरी गावाच्या धरणातून किंवा नदीतून येतं आणि त्याच दिवसांत वरच्या वाड्यांवर टँकर फिरत असतो. म्हणजे हिरवळ लावू नये असं नाही, सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, पहाटे पाणी मारलं तर कमी उडून जातं, पण गावावरचा परिणाम विचारणाऱ्या त्या फॉर्ममध्ये हा रकाना पाहिजेच.

पावसाळ्यात याच्या उलट. जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडणं कोकणाला नवीन नाही, तेवढ्यात या एका मैदानावर आठ लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर. आधी ते मैदानातच तुंबून राहायचं आणि हळूहळू जायचं. आता पाईपातून वहाळाला, वहाळ पुढे गावाच्या मळ्यात, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाणी पुढे सरकत नाही, ते भातात पसरतं. लावणी नुकतीच झालेली असली तर रोपं तरंगून जातात. म्हणून पाईपाचं तोंड कुठे उघडतं ते इंजिनीअरच्या ड्रॉइंगमध्ये बघून मग त्या मळ्याच्या मालकाशी बोलायला हवं. तीच गोष्ट भरावाच्या लाल मातीची. आपल्या जांभ्यावरची माती म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने बाकी सगळं धुऊन नेल्यावर उरलेलं लोखंड नि ॲल्युमिनियम, थर पातळ असतो, तो डंपर भरून नेला की खाली कातळ उघडा पडतो आणि त्यावर परत झाडोरा यायला पिढ्या जातात. शहरातलं मैदान सपाट झालं तेव्हा कुठल्या गावचा डोंगर उघडा पडला हे कुणीच लिहून ठेवत नाही. (काही ठिकाणी प्लास्टिकचं गवत घालतात, त्यात जुन्या टायरचा रबरचुरा भरतात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतलाय, ती २०३१ पासून लागू होईल. आपल्या पावसात हा चुरा किती दिवसांत खाडीत पोचेल याचा विचार केला तरी नको वाटतं.)

आता मोजायची पद्धत. नुसतं आधी किती पोरं यायची आणि नंतर किती यायला लागली एवढ्यावर जाऊ नये, कारण मधल्या काळात बाकीचंही बदललेलं असतं, आंबा चांगला झाला की मंडळांकडे पैसा येतो, स्पर्धा वाढतात, मैदान न होता सुद्धा पोरं वाढली असती. त्यासाठी एक छान युक्ती आहे. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत किमान वेतन वाढल्यावर नोकऱ्या कमी होतात का ते तपासताना, १९९२ मध्ये वेतन वाढलेल्या न्यू जर्सीची शेजारच्या, न वाढलेल्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, दोन्हीकडे आधी आणि नंतर मोजलं आणि फरकातला फरक काढला, म्हणजे एकीकडच्या बदलातून दुसरीकडचा बदल वजा केला. कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. आपल्यालाही हेच करता येईल, एक गाव असं घ्यायचं जिथे सात-आठ वाजता सुद्धा गाडी जाते आणि दुसरं तसंच पण सव्वासहावालं, दोन्हीकडे खेळणारी मुलं-मुली मैदानाच्या कामाच्या आधी आणि नंतर मोजायची. पण महिना तोच पाहिजे. जुलैत लावणीला सगळं घर शेतात, ऑक्टोबरात कापणी, गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आलेले, तेव्हा मे महिन्याचा आकडा ऑगस्टच्या आकड्याशी लावला तर त्यातून काहीच कळत नाही.

आणि मोजताना गावातलं मैदान पण बघायचं. गुन्नार मिर्डाल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लिहिलं होतं की एखादं केंद्र वाढतं तेव्हा त्याचा चांगला परिणाम आजूबाजूला पसरतो तसाच ते आजूबाजूचं ओढूनही घेतं. आमच्याकडे भात कापून झालं की खाचरात पीच करून किंवा देवळाच्या पटांगणात नाईट मॅच व्हायच्या, शिकवायला गावातलेच जुने खेळाडू. ते आता शहरात शिकवतात, चांगली गोष्ट आहे, त्यांना मान मिळतो, पण पटांगणातल्या बारक्या पोरांना कोण शिकवणार? तिथे आता किती दिवस खेळ होतो हा आकडा सुद्धा शहराच्या मैदानाच्या हिशोबात धरला पाहिजे.

यावर उपाय महागडे नाहीत. शेवटची गाडी साडेसातची करणं, किंवा गावातल्या मुलींची वेळ शनिवार-रविवार सकाळी ठेवणं, लाईटच्या बिलापुढे ते काहीच नाही. मी डेपोत अर्ज दिलाय, सोबत वहीतल्या पंधरा दिवसांच्या नोंदी जोडल्यात, आणि येत्या डिसेंबरात त्याच पंधरवड्यात परत त्याच गाडीत बसून मोजणार आहे. त्या पाच जणींतली बूट हातात घेऊन पळणारी दहावीला आहे, तिच्याकडे हे एकच वर्ष आहे.